बीचवर्थचं जुनं कोर्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेलबर्नला मुलाकडे-मुलीकडे आलेले आईवडील आणि शनिवार-रविवारी गाडी काढणारी इकडची मराठी मंडळी बीचवर्थला गेली, की त्या कोर्टाच्या दारात तेच तेच प्रश्न निघतात. त्यांची उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. क्रमाने वाचायलाच हवं असं नाही. पण घाई असेल तर एलन केलीचा, म्हणजे प्रसिद्ध दरोडेखोर नेड केलीच्या आईचा, भाग तेवढा सोडू नका.

बीचवर्थ नेमकं कुठे आहे?

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात, डोंगराच्या पायथ्याशी. मेलबर्नपासून सुमारे २८० किलोमीटर, म्हणजे ह्यूम हायवेने तीन-सव्वातीन तास. रेल्वेने वांगारट्टापर्यंत जाऊन पुढे बस धरता येते. गावात एकेकाळी आगगाडी येत असे. आता त्या मार्गावर सायकलवाट आहे. वस्ती चार हजारांच्या आतली.

एवढ्याशा गावात एवढं दगडी कोर्ट कशाला बांधलं?

गाव आज एवढंसं आहे. १८५२ साली इथल्या स्प्रिंग क्रीकच्या वाळूत सोनं सापडलं आणि मेंढ्या चरायच्या जागी काही महिन्यांत हजारोंच्या राहुट्या पडल्या. इंग्लिश, आयरिश, स्कॉटिश, अमेरिकन, चिनी असे सगळे आले. हा सारा टापू 'ओव्हन्सची सोनेखाण' म्हणून ओळखला जाई आणि बीचवर्थ त्याचं मुख्य ठाणं होतं. व्हिक्टोरिया ही स्वतंत्र वसाहत होऊन तेव्हा जेमतेम एक वर्ष झालं होतं.

सोनं आलं की भांडणं आली. कुणाचा खड्डा कुठे संपतो, ओढ्याचं पाणी कुणी वळवलं, कुणाच्या राहुटीतून पुडी गेली. शिवाय दारू. शिवाय सरकार आणि खाणकामगार यांच्यातला उभा दावा. १८५४ मध्ये बॅलरॅटजवळ युरेका इथे सोनं खणण्याच्या परवान्याच्या जाचाविरुद्ध खाणकामगारांनी बंड केलं आणि सैनिकांनी ते मोडून काढलं. त्यानंतर तो जाचक परवाना रद्द झाला, खाणीचे तंटे सोडवायला वेगळी व्यवस्था आली आणि मेलबर्नमधल्या राज्यकर्त्यांना एक गोष्ट कळली: राहुट्यांच्या गावात राज्य राहुटीतून करता येत नाही.

म्हणून १८५० च्या दशकाच्या उत्तरार्धात फोर्ड स्ट्रीटवर एकापाठोपाठ एक दगडी कचेऱ्या उभ्या राहिल्या. कोर्ट १८५८ चं. शेजारी तारघर, खजिना, सोनेखाणीच्या वॉर्डनची (खाणीचे तंटे सोडवणाऱ्या अधिकाऱ्याची) कचेरी, चिन्यांवर देखरेखीला नेमलेल्या 'संरक्षका'ची कचेरी आणि मागे पोलीस कोठडी. सगळ्यांना दगड एकच, इथला मधाळ रंगाचा ग्रॅनाइट. सरकार इथून हलणार नाही, हे लोकांना भिंतीकडे बघूनच समजावं असा तो बेत होता. माझ्या मते तो जमलाही. सोनं संपलं, माणसं पांगली, कचेऱ्या तिथेच आहेत.

त्याआधी ही जमीन कुणाची होती?

इथल्या मूळ रहिवाशांची. धुधुरोआ आणि वेवुरू या लोकांची नावं या परिसराशी जोडलेली आहेत. त्यांची जमीन कुठल्याही कोर्टात दावा न चालताच गेली. कोर्टाच्या इतिहासाला सुरुवात करताना हे आधी सांगायला हवं.

आत काय बघायचं?

इमारत बैठी, एकमजली आणि साधी आहे. मुंबई हायकोर्टाचे मनोरे डोळ्यांपुढे ठेवून गेलात तर हिरमोड होईल. मौज आतल्या दालनात आहे. न्यायाधीशाचं उंच आसन, त्याखाली वकिलांचं टेबल, एका बाजूला ज्युरीची बाकं, साक्षीदाराचा कठडा आणि आरोपीचा पिंजरा. जुनं लाकडी सामान बरंचसं जागेवर आहे, त्यामुळे समजुतीसाठी फार कल्पना लढवावी लागत नाही.

एक करून बघा. आधी पिंजऱ्यात उभे राहा आणि न्यायाधीशाच्या आसनाकडे नजर टाका, मग ज्युरीच्या बाकांकडे. अंतर किती कमी आहे! एका लहान गावातले बारा पुरुष आणि त्यांच्यापासून काही पावलांवर त्यांच्याच ओळखीतला आरोपी. पुढची उत्तरं वाचताना हे अंतर लक्षात असू द्या, बऱ्याच गोष्टी त्यानेच उलगडतात.

नेड केली कोण, थोडक्यात सांगाल का?

आयरिश बापाचा मुलगा. बाप शिक्षा भोगायला टास्मानियात आणलेला कैदी होता. हे कुटुंब या भागात छोटा जमिनीचा तुकडा कसून राहत होतं, आणि मोठे जमीनदार व पोलीस यांच्याशी त्याचं कायम वाकडं होतं. नेड पोरवयातच हॅरी पॉवर या वाटमाऱ्याच्या नादी लागला. १८७१ मध्ये चोरीची घोडी बाळगल्याबद्दल त्याला तीन वर्षांची सक्तमजुरी झाली, तीही बीचवर्थलाच. ऑक्टोबर १८७८ मध्ये स्ट्रिंगीबार्क क्रीकपाशी नेड आणि त्याच्या साथीदारांच्या हातून तीन पोलीस मारले गेले: केनेडी, लोनिगन आणि स्कॅनलन. पुढे दोन बँकांवर दरोडे पडले, आठ हजार पौंडांचं इनाम लागलं, आणि जून १८८० मध्ये ग्लेनरोवनला नांगराच्या लोखंडाचं चिलखत घालून त्याने पोलिसांशी शेवटची लढत दिली. तिथे तो पायांत गोळ्या लागून पकडला गेला.

त्याला फाशीची शिक्षा याच कोर्टात सुनावली ना?

नाही. सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त वेळा चुकीचं उत्तर मिळणारा प्रश्न हाच.

इथे झाली ती प्राथमिक सुनावणी. आपल्याकडे खुनाचं प्रकरण आधी मॅजिस्ट्रेटपुढे येतं आणि तिथून ते सेशन्सकडे 'कमिट' होतं, हे कोर्टाची पायरी चढलेल्यांना ठाऊक असेल. इथेही तसंच. फरक एवढाच, की त्या काळी मॅजिस्ट्रेट साक्षीदार तपासून मगच प्रकरण पुढे पाठवायचा. ६ ते ११ ऑगस्ट १८८० या दिवसांत मॅजिस्ट्रेट विल्यम फॉस्टर यांच्यापुढे हे काम चाललं. नेडला त्यासाठी मेलबर्नहून खास आगगाडीने आणलं होतं. त्याच्या बाजूने डेव्हिड गॉन्सन हे वकील होते, जे आमदारही होते. सरकारचा मुख्य साक्षीदार म्हणजे स्ट्रिंगीबार्क क्रीकहून जिवंत सुटलेला एकमेव पोलीस, थॉमस मॅकिंटायर. कोर्ट खच्चून भरलेलं असायचं.

शेवटी लोनिगन आणि स्कॅनलन यांच्या खुनाच्या आरोपांवर नेडला खटल्यासाठी पाठवण्यात आलं. फाशी सुनावली गेली ती मेलबर्नला, २८ आणि २९ ऑक्टोबरला चाललेल्या खटल्याच्या शेवटी. तो खटला फक्त लोनिगनच्या खुनाचा होता. शिक्षा ऐकल्यावर नेड आणि न्यायाधीश रेडमंड बॅरी यांच्यात जी प्रसिद्ध शाब्दिक चकमक झाली, 'आता वरती भेटू' या अर्थाची, तीही तिथलीच. ११ नोव्हेंबरला नेड फासावर गेला आणि बारा दिवसांनी बॅरीही आजारपणात वारले. यावर लोकांनी काय काय रचलं असेल, ते मराठी माणसाला सांगायला नको.

मग खटला बीचवर्थलाच का चालवला नाही?

ठरलं तसंच होतं. ऑक्टोबरमध्ये इथल्याच सत्रात तो चालायचा होता. पण सरकारने अर्ज करून जागा बदलून घेतली. कारण उघड होतं: या मुलुखात केलींचे सोयरे, मित्र आणि त्यांना धान्य-बातम्या पुरवणारे घरोघरी होते. ज्युरीवर बसणारा माणूस दुसऱ्या दिवशी याच बाजारात दूध घ्यायला जाणार. एक तर तो घाबरेल, नाहीतर मनातून नेडच्या बाजूचा असेल. ज्युरीच्या बाकांचं अंतर लक्षात ठेवा म्हटलं ते यासाठी.

नेडवर यात अन्याय झाला का? मेलबर्नच्या ज्युरीपुढे त्याची बाजू कमजोर पडली हे नक्की, शिवाय त्याच्या वकिलाला तयारीला वेळ फार थोडा मिळाला. पण तीन पोलीस मेले होते आणि त्यातल्या कुणाच्याही घरी याच ज्युरीबद्दल उलट शंका असती. सरकारची भीती खोटी होती असं मला वाटत नाही.

ज्युरी म्हणजे नेमकं काय? आपल्याकडे होती का?

होती. मुंबईचा १९५९ चा नानावटी खटला आठवा. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीला निर्दोष म्हटलं, न्यायाधीशांना ते पटलं नाही आणि त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. सामान्य नागरिकांनी पुरावा ऐकून दोषी की निर्दोष ते ठरवायचं, शिक्षा न्यायाधीशाने द्यायची, ही ती पद्धत. ऑस्ट्रेलियात गंभीर गुन्ह्यांसाठी ती आजही आहे.

एलन केलीचा खटला काय होता? तो महत्त्वाचा का म्हणता?

कारण तो सुरुवातीपासून निकालापर्यंत याच दालनात झाला आणि पुढचं सगळं त्याच्यानंतर घडलं.

१५ एप्रिल १८७८. अलेक्झांडर फिट्झपॅट्रिक नावाचा तरुण पोलीस ग्रेटा गावाजवळच्या केलींच्या घरी एकटाच गेला. नेडचा धाकटा भाऊ डॅन याला घोडेचोरीसाठी पकडायचं होतं. वॉरंट निघालेलं होतं, पण फिट्झपॅट्रिकच्या खिशात ते नव्हतं. वाटेत त्याने ब्रँडी घेतली होती. घरात काय झालं याच्या जितक्या तोंडी तितक्या गोष्टी आहेत. फिट्झपॅट्रिकचं म्हणणं: नेडने माझ्यावर गोळ्या झाडल्या, मनगटाला जखम झाली, म्हातारीने खोरं डोक्यात घातलं. केलींचं म्हणणं: नेड त्या वेळी दूर होता, आणि फिट्झपॅट्रिकने घरातल्या मुलीशी अतिप्रसंग केला. यातलं नक्की काय खरं, यावर जाणकार आजही भांडतात.

म्हातारी म्हणतात ती एलन तेव्हा पन्नाशीचीही नव्हती. तिच्या कुशीत काही दिवसांची मुलगी होती. नेड आणि डॅन डोंगरात पळाले. हाती लागले ते घरचे: एलन, जावई विल्यम स्किलियन आणि शेजारी विल्यम विल्यमसन. आरोप, खुनाच्या प्रयत्नाला साथ दिल्याचा. ऑक्टोबर १८७८ मध्ये बीचवर्थच्या या कोर्टात खटला उभा राहिला. न्यायाधीश रेडमंड बॅरी.

सगळी भिस्त एकट्या फिट्झपॅट्रिकच्या साक्षीवर होती. जखमेवर पट्टी बांधणारा डॉक्टर, ती गोळीची असू शकेल, यापलीकडे गेला नाही. त्या काळच्या कायद्याने आरोपीला शपथेवर साक्षच देता येत नसे, म्हणजे एलनला पिंजऱ्यात उभं राहून ऐकून घेणं भाग होतं. ज्युरीने तिघांनाही दोषी ठरवलं. दोन्ही पुरुषांना सहा-सहा वर्षं, एलनला तीन वर्षं सक्तमजुरी. तान्ही मुलगी बरोबर घेऊन ती तुरुंगात गेली.

बॅरीने त्या वेळी 'नेड इथे असता तर त्याला पंधरा वर्षं दिली असती' असं म्हटल्याची एक आठवण सगळीकडे छापलेली सापडते. ती खरी की मागाहून चिकटलेली याबद्दल एकमत नाही, म्हणून तिच्यावर फार भार टाकू नये.

तारखा मात्र पाहा. निकाल ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात लागला. २६ ऑक्टोबरला स्ट्रिंगीबार्क क्रीक घडलं. आईला अन्यायाने तुरुंगात टाकलं ही तक्रार नेडने पुढे पत्रांतून आणि बोलण्यातून सतत मांडली. खून माफ व्हावेत असं त्यात काही नाही. पण एका डळमळीत साक्षीवर एका बाईला तीन वर्षं देण्याची काय किंमत मोजावी लागली, हे इथे बसून समजतं. खुद्द फिट्झपॅट्रिकला एप्रिल १८८० मध्ये पोलीस खात्यातून काढून टाकलं. एलन तेव्हा कैदेतच होती. नेडला मेलबर्नच्या तुरुंगात फाशी दिली तेव्हाही ती त्याच तुरुंगात कैदी होती.

बाहेरच्या दुकानांत चिलखताचे टी-शर्ट ढिगांनी मिळतात. आईचं चित्र शोधावं लागतं.

केलींना मदत करणाऱ्यांचं काय झालं?

हा भाग सांगायला कुणी फारसं थांबत नाही. जानेवारी १८७९ मध्ये पोलिसांनी केलींचे 'सहानुभूतीदार' म्हणून वीसहून अधिक माणसं पकडली. बरेचसे छोटे शेतकरी. पुरावा नव्हता. टोळी पकडण्यासाठी केलेल्या खास कायद्याचा आधार घेऊन त्यांना बीचवर्थच्या तुरुंगात ठेवलं. दर आठवड्याला याच कोर्टात आणायचं, सरकारी बाजूने 'तयारी झाली नाही' म्हणायचं आणि पुढची तारीख घेऊन परत न्यायचं. ऐन सुगीचे दिवस होते, पिकं शेतात उभी. काहींना आधी सोडलं. उरलेल्यांना फॉस्टर मॅजिस्ट्रेटांनी एप्रिलमध्ये मोकळं केलं.

पोलिसांना अपेक्षित होता त्याच्या बरोबर उलट परिणाम झाला. जे कुंपणावर होते तेही केलींच्या बाजूला गेले. १८८१ च्या चौकशी आयोगाने पोलीस खात्याचे जे वाभाडे काढले, ते या सगळ्या कारभाराचे.

केली सोडून इथे काही झालंच नाही का?

शंभरावर वर्षं कोर्ट चाललं, त्यात बहुतेक कामकाज दारूडे, थकलेली देणी, भटकी गुरं आणि नवरा-बायकोची भांडणं यांचंच असणार. लक्षात राहण्यासारखी तीन-चार माणसं तरी सांगतो.

एलिझाबेथ स्कॉट. मॅन्सफिल्डजवळच्या गुत्त्याची मालकीण, लहान वयात लग्न लावून दिलेली. १८६३ मध्ये तिच्या नवऱ्याचा गोळी घालून खून झाला. तिच्यावर आणि दोन पुरुषांवर ऑक्टोबरमध्ये बीचवर्थला खटला चालला आणि तिघांनाही फाशी झाली. व्हिक्टोरियात फाशी गेलेली ती पहिली स्त्री. वय विशीच्या आसपास. तारीख ११ नोव्हेंबर, ठिकाण मेलबर्नचा तुरुंग. सतरा वर्षांनी त्याच तारखेला, त्याच तुरुंगात नेडला फाशी झाली.

हॅरी पॉवर, नेडचा पहिला 'गुरू'. १८७० मध्ये इथे त्याला पंधरा वर्षांची शिक्षा झाली.

चिनी खाणकामगार. ४ जुलै १८५७ रोजी बकलंड नदीच्या खोऱ्यातून गोऱ्यांच्या जमावाने सुमारे दोन हजार चिन्यांना हाकलून दिलं, तंबू जाळले, काही जण जिवाला मुकले. बीचवर्थहून पोलीस घेऊन गेलेला अधिकारी म्हणजे रॉबर्ट ओ'हारा बर्क, जो पुढे ऑस्ट्रेलिया आडवं नव्हे, उभं पार करताना भुकेने मेला. खटले बीचवर्थलाच चालले, ही इमारत व्हायच्या आदल्या वर्षी. गोऱ्या ज्युरींनी गंभीर आरोपांतून बहुतेकांना सोडून दिलं. प्रेक्षकांच्या दृष्टीने ज्युरी 'आपल्या' माणसाला सोडते तेव्हा काय होतं, याचं हे दुसरं टोक.

आणि आयझॅक आयझॅक्स. शिंप्याचा मुलगा, यॅकनडॅन्डा आणि बीचवर्थ इथे वाढला, इथेच शिकला. पुढे देशाचा सरन्यायाधीश आणि १९३१ मध्ये ऑस्ट्रेलियात जन्मलेला पहिला गव्हर्नर जनरल झाला.

दरोडेखोराचं एवढं कौतुक कसं काय?

हा प्रश्न ज्येष्ठ मंडळी हमखास विचारतात आणि त्याच दमात कुणीतरी राजे उमाजी नाईकांचं नाव काढतं. ब्रिटिशांच्या दप्तरी तेही दरोडेखोरच होते. ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात मामलेदार कचेरीत त्यांना फाशी दिली आणि आज आपण त्यांना आद्य क्रांतिकारक म्हणतो. सरकारी कागदातला गुन्हेगार आणि लोकांच्या गाण्यातला नायक एकच असू शकतो, इथवर साम्य ठीक आहे. त्यापुढे ओढू नये. उमाजी नाईकांनी परक्या सत्तेविरुद्ध जाहीरनामा काढला होता. नेडच्या तक्रारी खऱ्या असल्या, तरी त्याने मारलेल्यांतले पोलीस त्याच्यासारखेच आयर्लंडहून आलेल्या घरांतले होते. मॅन्सफिल्डला त्या तिघांचं स्मारक आहे, जमलं तर तेही बघून या.

कोर्ट बंद कधी झालं?

१९८९ साली, १३१ वर्षांच्या कामकाजानंतर. लहान गावांतली कोर्टं आवरून काम मोठ्या गावांकडे नेण्याचे ते दिवस होते. इथल्या लोकांना आता तारखेला बाहेरगावी जावं लागतं. गावाला वारसा मिळाला आणि सोय गेली, असा तो व्यवहार. इमारत आज फोर्ड स्ट्रीटवरच्या जुन्या कचेऱ्यांच्या समूहाचा भाग म्हणून जपलेली आहे. ऑगस्टमध्ये नेडच्या सुनावणीचा प्रयोग याच दालनात करण्याची प्रथा बरीच वर्षं चालत आली.

जाताना काय लक्षात ठेवावं?

तिकीट आणि वेळा निघण्याआधी बघून घ्या. आधी कोर्ट, मग मागची कोठडी, मग बर्क संग्रहालय, असा क्रम सोयीचा पडतो. ग्रॅनाइटचा मोठा तुरुंग वेगळा, थोडं चालून जावं लागतं. तो २००४ पर्यंत चालू होता. स्मशानभूमीत चिन्यांचे कागद आणि उदबत्त्या जाळायचे दोन मनोरे आहेत, तिथवर गाडीने जा. जुलै-ऑगस्टमध्ये थंडी बोचरी असते आणि दगडी दालनात ती जास्तच जाणवते, तेव्हा आजी-आजोबांसाठी शाल बरोबर असू द्या. मुलांना पिंजऱ्यात उभं करून फोटो काढायला हरकत नाही, फक्त न्यायाधीशाच्या आसनावर चढण्याआधी तिथल्या स्वयंसेवकांना विचारा.